चातुर्मासातले यान

देवशयनी एकादशीला देव निजत आणि आमच्या घरात एक यंत्र जागे होत असे. गेली अकरा वर्षे हा क्रम एकदाही चुकला नाही. सकाळची पूजा आटोपली, तुळशीची मंजिरी वाहून झाली, की मी देवघराखालचे कपाट उघडी. सोवळ्याच्या धाबळीशेजारी ठेवलेली, जांभळट रंगाची, तळहातात मावणारी ती वस्तू बाहेर काढी, तिच्या पाठीत दोन पेन्सिल सेल बसवी आणि कळ सरकवी. बारीक, दोन सुरांचा नाद होई. गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसलेली माझी पत्नी कुमुद मान किंचित तिरकी करून तो ऐके आणि म्हणे, "उठलं वाटतं."

चातुर्मास दरवर्षी त्याच खुणा घेऊन येतो. दोरीवरचे सोवळे तीन-तीन दिवस वाळत नाही. पोथीचे फडके बोटांना दमट लागते. काड्यापेटीतली पहिली काडी नुसती घासते, दुसरी तुटते, तिसरी पेटते. स्वयंपाकघरातून वांगे, कांदा, लसूण निरोप घेतात आणि भाजणीचा, शिंगाड्याच्या पिठाचा, ओल्या बेलाचा वास घरभर होतो. आमचे घर विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावर. खालून संगणक कंपन्यांच्या गाड्या तरुण मुलामुलींना घेऊन जातात. त्यांच्या कर्ण्यांनी माझ्या संध्येतला जप कधी मोडत नाही, इतकी आता सवय झाली आहे. देव निजलेले असताना माणसाने जागे राहावे आणि स्वतःकडून काही काढून घ्यावे, हा या चार महिन्यांचा अर्थ मला वडिलांनी शिकवला. पुढे मी तो शाळेत आणि प्रवचनांत असंख्य वेळा सांगितला. आज त्या अर्थाकडे मला पुन्हा पाहावे लागत आहे, कारण यंदा यंत्र कपाटातच आहे.

आमच्या घरी चातुर्मासात प्रत्येकाने एक गोष्ट सोडायची असते. त्याला नेम म्हणतात. एकादशीला हातावरून पाणी सोडून संकल्प करायचा, चार महिने ती वस्तू वर्ज्य मानायची, आणि कार्तिकात उद्यापनाच्या दिवशी तीच वस्तू ब्राह्मणाला दान देऊन नेमातून मोकळे व्हायचे. वडील पाठशाळेत शिकवीत. सोडायचे ते जिवाभावाचेच असले पाहिजे, हा त्यांचा दंडक. कारले सोडणाऱ्याला ते म्हणत, "छान. पुण्य कारल्याला लागेल." नेम मात्र ज्याचा त्याने निवडायचा. ही एक गोष्ट त्यांनी कधी कोणावर लादली नाही, एवढे मला त्यांच्याविषयी नक्की सांगता येते.

कुमुदचे माहेर मांजरीचे, उसाच्या फडांतले. लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात तिने उसाचा रस सोडला. रस्त्यात एखाद्या रसवंतीची घुंगरे ऐकू आली की ती पदर नाकाला लावी आणि पावले उचलून चालू लागे. पुढे कधी विडा सोडला, कधी चहातले आले, कधी पाटाला पाठ टेकून बसणे. तिचे नेम लहान असत आणि ती ते मोडत नसे. मी त्याबद्दल तिचे कौतुक केले होते का, हे आठवत नाही. केले असते तर आठवले असते.

यंत्र घरात आले ते आमच्या मुलीमुळे. मेधा संगणक अभियंता. शतक बदलण्याच्या त्या वर्षांत आमच्या रस्त्यावरच्या दर दोन घरांतून एक मूल परदेशी जात होते. जिन्यात मेतकूट आणि लोणच्याच्या बरण्या कपड्यांत गुंडाळण्याची घाई असे. मेधाही गेली, वर्षाने रजेवर आली आणि परतताना ती वस्तू आईच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आई, दुपारी नुसती बसू नकोस. हे खेळ."

"मला काय जमणार त्यातलं?"

"चार शेगड्यांवर चार गोष्टी सांभाळतेस ना? यात तर दोनच बटणं आहेत."

तो खेळ जुना होता. मेधाच्या सांगण्याप्रमाणे पूर्वी तो टेबलाएवढ्या संगणकांवर चाले. आता कोणीतरी तो आक्रसून या मुठीएवढ्या डबीत बसवला होता. पडद्यावर काळे आकाश, त्यात शेकडो ठिपके, आणि एक इवलेसे त्रिकोणी यान. प्रत्येक ठिपका म्हणजे एक तारा. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना इंधन सरते, ते वाटेतल्या ग्रहांवरून गोळा करावे लागते. जागोजाग चमत्कारिक जीव भेटतात. ते दोन-तीन ओळी इंग्रजी बोलतात, त्यातून वाट काढायची. आणि या सगळ्याला एक प्रयोजन होते. यानात सुरुवातीलाच एक वृद्ध प्रवासी चढतो. त्याला चोच आहे, पाठीला कुबड आहे, आणि आपले घर कोणत्या ताऱ्याशी आहे हे तो विसरला आहे. त्याला घरी पोचवायचे. एवढाच खेळ.

कुमुद जुनी मॅट्रिक. ते इंग्रजी तिला पुरत असे. परकी नावे मात्र लक्षात राहीनात, म्हणून तिने शंभर पानी वही केली, पेन्सिलीने आकाशाचा नकाशा काढला आणि ताऱ्यांना आपली नावे दिली. जिथून निघायचे ती विश्रांतवाडी. इंधन भरपूर मिळे तो तारा मांजरी. जिथे लागेल ते सर्व सापडे, पण बाहेर पडायची वाट मिळत नसे, ती बुधवार पेठ. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. म्हणून ती जेवणानंतर गॅलरीत, उन्हाकडे पाठ करून बसे. मांडीवर वही, कानामागे पेन्सिल, अंगठे कळांवर. साठी ओलांडलेल्या बाईचे ते बसणे मला हास्यास्पद वाटे आणि मी ते बोलून दाखवी.

"कुठवर पोचल्या महाराणी?"

"मांजरीच्या पुढं तीन तारे."

"परत येताना कोथिंबीर घेऊन या."

ती हसत असे. मला वाटे, विनोदाला हसते आहे.

त्या चोचीच्या प्रवाशाचेही तिने नामकरण केले होते, हे मला एका दुपारी कळले. मेधाचा फोन आला होता. मी आतल्या खोलीत पाठ करीत होतो. कुमुद म्हणत होती, "अगं, मामंजींना अजून घर सापडत नाही. तेच आपलं, इंधन कमी आहे, यान हलतं, तुला चालवता येत नाही. एकदा तरी बरं म्हणतील तर शपथ." आणि ती मोकळेपणाने, तोंडावर पदर न घेता हसली.

मामंजी म्हणजे माझे वडील. शेवटची सहा वर्षे ते अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचे सर्व कुमुदने केले. आमटी अळणी आहे, दुधाला करपल्याचा वास येतो, चादर टोचते, याखेरीज ते तिच्याशी बोलत नसत. अखेरीस त्यांना भ्रम झाला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर पडून ते तिचा हात धरीत आणि म्हणत, "मला घरी ने." ती म्हणे, "नेते हं, मामंजी. सामान बांधून झालं की निघू." मी हे तेव्हा ऐकले होते. त्या दुपारी फोनवरचे तिचे हसणे ऐकताना मला ते आठवले नाही. मला एवढेच दिसले की माझ्या गुरूला, माझ्या पित्याला चोच लावली गेली. राग आला तर मी आवाज चढवीत नाही; पाठशाळेने ती शिस्त लावली आहे. मी राग ठेवून देतो. लोणच्यासारखा तो मुरतो.

त्याच वर्षी ज्येष्ठात तिच्या डोळ्यांची तपासणी झाली. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूला ठेवलेला पेला दिसत नाही, अशा तिच्या तक्रारी होत्या. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत औषध घालून तिला बाहेर बाकावर बसवले आणि मला आत बोलावले. काचबिंदू फार पुढे गेला होता. थेंबांनी वेग कमी होईल, गेलेली नजर येणार नाही. "सहा महिने. थेंब नीट घातले तर कदाचित वर्ष," ते म्हणाले. "बाईंना आत्ता सांगायचं की थोडं थांबायचं, ते तुम्ही ठरवा. घरातलं तुम्हाला जास्त कळतं."

मी ठरवले. रिक्षात बसताना तिने विचारले, "काय म्हणाले?"

"थेंब लिहून दिलेत. वेळच्या वेळी घालायचे."

"एवढंच?"

"एवढंच."

येरवड्याच्या पुलावर वारा लागला तेव्हा डोळ्यांवर रुमाल धरून म्हणाली, "दिवाळीच्या आत पोचवते मामंजींना."

"एवढी कसली घाई?"

"थोडंच राहिलंय," ती म्हणाली. मी समजलो, खेळातले अंतर.

पुढे जे केले ते मी विचारपूर्वक केले, हे इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. रागाच्या भरात केले असते तर त्याला वेगळे नाव देता आले असते. तीन आठवडे मी त्यावर चिंतन केले. सहा महिन्यांचा प्रकाश उरला आहे. तो कशावर खर्च व्हावा? ठिपक्यांवर की भगवंताच्या नामावर? जो प्रश्न मी कोणत्याही श्रोत्यापुढे ठेवला असता, तोच मी स्वतःपुढे ठेवला आणि श्रोत्यांना आवडेल असेच उत्तर काढले. त्या उत्तराच्या तळाशी ती चोच होती. ती मला दिसत होती. मी तिच्यावर फडके टाकले.

एकादशीच्या सकाळी आम्ही पाटांवर बसलो. संकल्प पतीने उच्चारायचा आणि पत्नीने उजवा हात त्याच्या हाताला लावायचा, अशी रीत. पळीत पाणी घेऊन मी विचारले, "यंदा काय सोडतेस?"

"साखर म्हणते."

"साखर तुला तशीही आवडत नाही. बाबा काय म्हणायचे, आठवतं ना? जिवाभावाचं सोडावं." मी थांबलो. "ते यंत्र सोड. त्या वेळेला पोथी वाच. मी समोर बसेन."

तिने माझ्याकडे पाहिले. तेव्हा तिला मान वळवून, नेम धरून पाहावे लागे, पाखरासारखे. बराच वेळ पाहिले. मला वाटले, ती वाद घालणार. पण काही ऐकायचे राहून गेल्यासारखी ती थांबून राहिली. मग तिचा हात आला आणि माझ्या मनगटावर टेकला. मी संकल्प म्हटला, पाणी ताम्हनात सोडले आणि यंत्र देवघराखाली ठेवून दिले.

त्या चार महिन्यांच्या दुपारी मी एकामागून एक आठवू शकतो. तीच गॅलरी, तीच खुर्ची, उन्हाच्या जागी ढगांचा राखी उजेड. मांडीवर वहीऐवजी लाकडी चौरंगी आणि तिच्यावर पोथीची लांबरुंद पाने. ती वाची आणि ओळ तिच्या हातून निसटे. ओळीच्या टोकाशी जाऊन परत येताना पुढच्या ओळीचा आरंभ तिला सापडत नसे. ती मान पुढे करी, मागे करी, बोट ठेवी, बोट चुके.

"ओळ गाळलीस," मी म्हणे.

"सापडत नाही हो."

"मन दुसरीकडं असलं की अक्षरं सापडत नाहीत."

"मन इथंच आहे. ओळ गेली."

"ओळ कुठं जात नाही, कुमुद. साडेतीनशे वर्षं ती तिथंच आहे. पुन्हा वाच."

ती पुन्हा वाची. डोळ्यांतून पाणी येई. ते ताणाने येते की दुःखाने, हे मी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी एका दुसऱ्या डॉक्टरांनी मला समजावले की अशा रोगात नजर कडांकडून आत आक्रसत येते. शेवटी नळीतून पाहिल्यासारखा मधला एक लहानसा गोल उरतो. त्या गोलात पोथीचे पान मावत नाही. माणसाचा चेहरासुद्धा एका वेळी मावत नाही. मावतो तो काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा असा पडदा. तेवढा मात्र सगळाच्या सगळा दिसतो. म्हणजे त्या आषाढात अख्ख्या जगात एकच वस्तू अशी होती की जी कुमुदला पूर्ण दिसत होती. ती मी कपाटात ठेवली होती.

श्रावणात तिला निरंजनाची वात दिसत होती. नवरात्रात माळ बांधताना तिने फुलाऐवजी माझे बोट दोऱ्यात ओवायला घेतले आणि लगेच सोडून दिले. दिवाळीत रांगोळीचे ठिपके तिने बोटांनी मोजून घातले. एक रांग दुसरीवर चढली. मी ती पुसली आणि म्हणालो, "राहू दे, मी स्वस्तिक काढतो." मला ठाऊक होते. दररोज ठाऊक होते. पण व्रत मध्येच मोडता येत नाही, हेही मला ठाऊक होते, आणि या दुसऱ्या जाणण्याआड मी पहिले लपवीत असे.

कार्तिकातल्या उद्यापनाची सकाळ. मी यंत्र चांदीच्या ताटलीत ठेवून तिच्यापुढे आणले. सेल नवे घातले होते. नेमाची वस्तू एकवार तिच्या हाती द्यावी, तिला आनंद होईल, असे मी खरोखरच योजले होते. तिने ते उचलले, कळ सरकवली. दोन सुरांचा नाद झाला. तिने ते डोळ्यांसमोर धरले. मग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, वर, खाली. आरती ओवाळावी तसे ते यंत्र तिच्या चेहऱ्यापुढे फिरत राहिले.

"चालू झालं का?" तिने विचारले.

"झालं."

"यान आहे?"

"आहे. एका मोठ्या काळ्या ढगाच्या काठाशी उभं आहे."

"हं. ढगापलीकडं एकच तारा. तेवढाच राहिला होता." तिने कळ मागे सरकवली, यंत्र ताटलीत ठेवले आणि हात पुढे केला. "पळी द्या. दान करायचं ना? घ्या."

"मी? अगं, पतीला दान देत नाहीत. शेजारच्या गुरुजींना बोलावू."

"पतीनं नेम निवडावा असं तरी कुठं लिहिलंय? तुम्ही ब्राह्मण आहात. घ्या."

दान नाकारले तर व्रत अपुरे राहते. मी ओंजळ पुढे केली. तिने चाचपडत पाणी सोडले आणि 'न मम' म्हटले, माझे नाही. हे शब्द तिला कोणी शिकवले नव्हते. आमच्या घरात बायकांना शिकवीत नसत. स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून तिचे सगळे पाठ झाले होते. उच्चार निर्दोष होता.

दान मिळालेली वस्तू अडगळीत टाकणे हा दात्याचा अपमान आहे. म्हणून पुढच्या चातुर्मासापासून मी खेळू लागलो. तिचे चार महिने मी घेतले होते. दरवर्षी चार महिने मी तिथे बसायचे, असा माझ्यापुरता हिशेब. खेळात तीन प्रवास साठवता येतात. पहिल्या जागी तिचा होता. त्याला मी बोट लावले नाही. दुसऱ्या जागी मी माझे यान सोडले. वहीही मागितली होती. "दानात यंत्र होतं, वही नव्हती," ती म्हणाली, आणि वही तिच्या उशीखाली राहिली.

मी वाईट खेळाडू आहे. अंगठ्यांना कंप आहे, चाळिशी वारंवार घसरते. माझे यान इंधनावाचून अडकले, अशनींवर आपटले, बुधवार पेठेतून बाहेर पडायला मला दोन पूर्ण वर्षे लागली. कुमुद समोर बसून ऐके. तिला नादांवरून सर्व कळे. "पडलात," ती सांगे. किंवा, "मांजरी मागं राहिली, आता पुढं इंधन नाही." हे सांगे ते नेहमी मांजरी ओलांडून गेल्यावर. आधी सांगत नसे.

"थोडं आधी सांगितलं असतंस तर?" एकदा मी म्हणालो.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारल्यावर सांगशील?"

"नाही."

मेधा परदेशातून म्हणे, "बाबा, किती गोड! तुम्ही दोघं अजून तो गेम खेळता?" आम्ही दोघेही हो म्हणत असू.

गेल्या वर्षी आश्विनात माझे यान त्या काळ्या ढगातून पार झाले. माझा चोचीचा म्हातारा घरी उतरला. पलीकडे काय आहे ते मी पाहिले, आणि आयुष्यात प्रथमच काहीतरी तिला सांगण्यासाठी माझा श्वास अपुरा पडला. "कुमुद, पोचलो! सांगतो तुला, तिथं..."

तिने हात वर केला. "तुमचा म्हातारा पोचला. माझा नाही. सांगू नका."

तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट होती. आता वाट मला पाठ आहे. पहिल्या जागी उभे असलेले तिचे यान मी तिच्या अनुज्ञेने पुढे न्यावे, तिने सांगावे, मी कळा दाबाव्या, आणि मामंजी घरी जावेत. अर्ध्या घटकेचे काम. येत्या एकादशीला विचारू, असे ठरवून मी थांबलो. थांबणे मला नेहमीच जमते.

गेल्या कार्तिकातच यंत्राचा नाद घोगरा झाला होता, म्हणून यंदा ज्येष्ठात मी ते घेऊन बुधवार पेठेत गेलो. दगडूशेठ गणपतीला नमस्कार करून मागच्या बोळातल्या एका दुरुस्तीवाल्या गृहस्थांकडे बसलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून यंत्र उघडले, आवाज नीट करून दिला, मग खेळाची पट्टी हातात घेऊन मान हलवली.

"आजोबा, यात बटणासारखा एक चपटा सेल असतो. तुमचे साठवलेले खेळ त्याच्यावर जगतात. हा संपत आलाय."

"मग बदला."

"बदलला की आतलं सगळं पुसलं जाणार. आपोआप संपला तरी पुसलं जाणार. यावर उपाय नाही."

"किती दिवस काढील?"

"ते कसं सांगू? आज जाईल, दिवाळीला जाईल. काही पुरं करायचं राहिलं असेल तर करून टाका."

घरी आलो. कुमुदने विचारले, "काय म्हणाला?"

"आवाज ठीक केला," मी म्हणालो.

"एवढंच?"

"एवढंच."

तोंडातून शब्द गेले आणि मला येरवड्याच्या पुलावरचा वारा आठवला. तरीही मी तेरा दिवस गप्प राहिलो.

एकादशीला पूजा झाली. मी यंत्र बाहेर काढले, पण कळ सरकवली नाही. तिच्यासमोर पाट मांडून बसलो.

"आज उठलं नाही का ते?"

"आधी थोडं बोलायचंय."

"अरे वा. लागला म्हणायचा मुहूर्त."

मी तिला सेलाचे सांगितले. दुरुस्तीवाल्याचा शब्द न् शब्द सांगितला. तिची बोटे खुर्चीच्या वेतावर उलटसुलट फिरत होती.

"किती दिवस म्हणाला?"

"सांगता येत नाही म्हणाला. आज जाईल, नाहीतर दिवाळीला."

"आणि माझे डॉक्टर किती म्हणाले होते?"

खाली कंपनीची गाडी उभी राहून कर्णा वाजवीत होती. कोणीतरी जिन्यातून धावत गेले. गाडी निघून गेली.

"सहा महिने," मी म्हणालो. "थेंब नीट घातले तर वर्ष."

"पाचच निघाले. थेंब मी नीट घातले होते."

"कुमुद, मी तुला..."

"ठाऊक आहे. दार उघडं होतं हो. औषध डोळ्यांत घातलं होतं, कानांत नाही."

मी एवढेच विचारले, "मग त्या दिवशी संकल्पाला हात का लावलास?"

"तुम्ही सांगाल म्हणून. हातात पाणी घेऊन माणूस लपवत नाही, असं तुमच्याच प्रवचनात ऐकलं होतं. तेव्हा नाही सांगितलंत. म्हटलं, श्रावणात सांगतील. मग म्हटलं नवरात्रात. मग मोजायचं सोडून दिलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला कुठेतरी धरायला जागा झाली असती.

"आता तरी यान पुढं नेऊ दे," मी म्हणालो. "एकच तारा राहिलाय. मला वाट पाठ आहे. तू सांग, मी कळा दाबतो. मामंजी बारा वर्षं त्या ढगाशी उभे आहेत."

"उभे राहू देत. घरी नेते असं मी म्हटलं होतं त्यांना, तुम्ही नाही." ती जराशी पुढे वाकली. "तुम्ही यंदा काय सोडताय?"

"अजून ठरवलं नाही."

"मग मी ठरवते. पळी-पंचपात्र आणा."

मी आणले. ताम्हन पाटावर ठेवले, पळीत पाणी घेतले. तिचा हात हवेत दोनदा चुकला आणि मग माझ्या मनगटावर येऊन टेकला. तोच हात, तीच जागा.

"यंत्र," ती म्हणाली. "कार्तिकापर्यंत. म्हणा."

मी म्हटले. तिथी, मास, गोत्र, नाव, आणि नेमाची वस्तू. पाणी ताम्हनात पडल्याचा आवाज तिने ऐकला आणि हात काढून घेतला. मी यंत्रातले सेल काढले, ते धाबळीशेजारी ठेवले, कपाट लावले.

"कडी लागली?"

"लागली."

"आता पोथी घ्या आणि इथं बसा. मी ऐकते." तिने पाय पोटाशी घेतले आणि मान तिरकी केली. "ओळ गाळू नका."